बहिणीच्या दुखण्यातून उभं राहिलेलं रुग्णालय

मैत्रिणींनो, डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. रखमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. त्यांच्याच वाटेवरून पुढे गेलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचं नाव दक्षिणेत तेवढ्याच आदराने घेतलं जातं. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचायला हवी, कारण ती आपण कुणाशी बोलत नाही अशा एका दुखण्याची आहे.

मुथुलक्ष्मींचा जन्म ३० जुलै १८८६ चा, पुदुकोट्टई संस्थानातला. वडील कॉलेजचे प्राचार्य, तर आई देवदासी घराण्यातली. त्यामुळे लोकांची बोलणी लहानपणापासूनच वाट्याला आली. मुलांच्या कॉलेजात मुलगी कशी घ्यायची म्हणून गावात विरोध झाला, पण संस्थानच्या राजांनी प्रवेश दिला. पुढे १९०७ मध्ये त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ मध्ये डॉक्टर झाल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न केलं, तेही मला बरोबरीने वागवायचं, ही अट आधी घालून!

सगळं मार्गी लागत होतं. अशात १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांची धाकटी बहीण आजारी पडली. आधी सगळ्यांना वाटलं आव पडतेय, आणि उपचारही त्याचेच झाले. प्रत्यक्षात तो गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर होता. तो कळेपर्यंत फार उशीर झाला होता. ऐन तारुण्यात बहीण गेली. घरात डॉक्टर असूनही काही करता आलं नाही, हे दुःख मुथुलक्ष्मींच्या मनातून कधीच गेलं नाही.

१९२५ मध्ये त्या स्त्रियांच्या आजारांचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथे केवळ कॅन्सरसाठी चालणारं रुग्णालय त्यांनी पाहिलं आणि असं रुग्णालय आपल्याकडेही हवं, हे मनाशी पक्कं केलं.

पण मध्ये किती कामं! मद्रासच्या विधान परिषदेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, मग उपाध्यक्षही. गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ १९३० मध्ये त्यांनी ते पद सोडलं. त्याच वर्षी निराधार मुलींसाठी अव्वै होम सुरू केलं. मुलींना देवदासी करण्याच्या प्रथेविरुद्ध त्या वीस वर्षं झगडल्या आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांतात तसा कायदा झाला.

रुग्णालयाचा विचार मात्र सुटला नाही. १९३५ मध्ये त्यांनी तो जाहीरपणे मांडला. कॅन्सरचे रोगी मरणारच, त्यांच्यावर पैसा कशाला, असं तेव्हा मोठमोठ्यांना वाटायचं. मुंबईत १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उभं राहिलं, मद्रासकडे मात्र काही नव्हतं. शेवटी बायकांच्या संघटनेमार्फत १९४९ मध्ये निधी गोळा करायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९५४ मध्ये अड्यारला अवघ्या बारा खाटांचं रुग्णालय सुरू झालं. मुथुलक्ष्मी तेव्हा अडुसष्टीच्या घरात होत्या. मुलगा डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी पुढे ते देशभर नावारूपाला आणलं. २२ जुलै १९६८ रोजी मुथुलक्ष्मी गेल्या.

आपण काय घ्यायचं?

संडासवाटे रक्त गेलं की आपण लगेच मूळव्याध म्हणतो आणि कुणी सांगितलेलं चूर्ण सुरू करतो. अंगात रक्त कमी निघालं तर पाळीवर ढकलतो. बरेचदा ते खरंही असतं. पण रक्त किंवा आव तीन आठवड्यांच्या वर पडत असेल, संडासची सवय बदलली असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा पाळी बंद झाल्यावरही रक्त कमीच राहत असेल, तर तपासल्याशिवाय औषध घेत बसू नका.

इंग्लंडमध्ये असा संशय आला की दवाखान्यातून तातडीची चिठ्ठी जाते आणि कॅन्सर आहे की नाही हे २८ दिवसांत सांगायचं, असं उद्दिष्ट आहे. आपल्याकडे तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड पाहतात. आतड्याचा कॅन्सर त्यात नाही. म्हणजे आपल्यालाच तोंड उघडावं लागणार. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पष्ट सांगा. डॉक्टर बोटाने तपासतो म्हणाले तर लाजू नका, गुदाशयातली गाठ कित्येकदा तिथेच हाताला लागते. नर्सबाईंना जवळ थांबवून घ्या. दुर्बिणीच्या तपासणीसाठी यवतमाळच्या मेडिकलची चिठ्ठी मागा. तिथून पुढे जावं लागलं तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात.

पेरणी होऊ द्या, पोरीचं लग्न होऊ द्या, मग बघू, असं आपण म्हणत राहतो. दुखणं तेवढं थांबत नाही. लवकर सापडलं तर हा कॅन्सर ऑपरेशनने बरा होऊ शकतो. मुथुलक्ष्मींच्या बहिणीला ती संधी मिळाली नाही. आपल्या जावेला, नणंदेला, आईला ती मिळायला हवी. आज त्यांना एवढं विचाराच.