३९ अंकी संख्येचा गणिती

एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे तिला लहान संख्यांनी भागून पाहणे. परंतु २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ या संख्येसाठी वीस अंकी संख्यांपर्यंतचे विभाजक तपासावे लागतील. माणसाच्या आयुष्यात ते होणे नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली ही संख्या मूळ असल्याचे दाखविले, तेही असे विभाजक न तपासता.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी अमियाँ येथे झाला. शिक्षणानंतर त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर त्यांनी शाळेत गणित शिकविण्याचा पेशा पत्करला.

मारँ मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ साली अशा घातांकांची यादी दिली होती, की ज्यांसाठी २ च्या घातातून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते. तीत ६७ आणि १२७ हे घातांक होते. सिद्धता मात्र नव्हती. ऑयलर यांनी १७७२ साली ३१ या घातांकापर्यंत मजल मारली. त्यापुढे भागाकाराची वाट खुंटली.

ल्युका यांनी वाटच बदलली. त्यांच्या कसोटीचे आज रूढ असलेले रूप सोपे आहे. ४ पासून आरंभ करावा. दर वेळी वर्ग करून २ वजा करावे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ. ३१ साठी, म्हणजे घातांक ५ असताना, बाक्या १४, ८ आणि ० अशा येतात. याच विचाराने त्यांनी ६७ चा दावा खोटा ठरविला. त्या संख्येचे अवयव मात्र १९०३ साली कोल यांनी शोधले.

करमणुकीच्या गणितातही त्यांना रस होता. १८८३ साली त्यांनी ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे टोपणनावाने प्रसिद्ध केले. काशीच्या मंदिरातील ६४ चकत्यांची आख्यायिका त्याच कोड्याशी जोडली गेली. त्या हलविण्यास लागणाऱ्या चालींची संख्याही २ च्या ६४ व्या घातातून १ वजा केल्यावरच येते.

१८९१ साली एका मेजवानीत फुटलेल्या बशीचा तुकडा गालाला लागला. जखम चिघळून ३ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. तो मान गेला तरी कसोटी मागे पडली नाही. लेहमर यांनी १९३० साली तिला नेटके रूप दिले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांच्या मूळ संख्येवरही अखेरचे शिक्कामोर्तब तिनेच केले.