बंदुकीची नळी, गरम पाणी आणि जेम्स औट्राम

चार्जिंग पोर्टमध्ये धूळ साचली की फोन चार्ज व्हायला कुरकुरतो ना? बंदुकीच्या नळीचंही तसंच आहे. पण नळीतल्या मळीने एकदा अख्ख्या देशात भडका उडवायला हातभार लावला. ती गोष्ट कळण्यासाठी आपल्या खानदेशात दहा वर्षं काढलेल्या एका इंग्रजाचं आयुष्य बघूया.

जेम्स औट्राम १८०३ मध्ये डर्बीशायरमध्ये जन्मला. वडील बेंजामिन इंजिनिअर होते, घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लोखंडी रूळ टाकायचे. जेम्स लहान असतानाच ते गेले. १८१९ मध्ये तो कंपनीच्या मुंबई फौजेत आला आणि १८२५ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, खानदेशात. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच मोडायचा.

डोंगरातले भिल्ल कंपनीला जुमानत नव्हते. औट्रामने आधी त्यांच्यावर हल्ले केले, मग त्यांच्यातलेच तरुण भरती करून भिल्ल पलटण उभी केली. ठाणं धरणगावला. त्यांच्यासोबत तो वाघाच्या शिकारीलाही जायचा. पण भिल्लांना भिल्लांकरवीच काबूत आणायचं, हा त्यामागचा डाव होता, हे विसरून चालणार नाही.

त्या काळच्या बंदुका ठासणीच्या. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घन कण म्हणून उरतो: पोटॅशियमचे क्षार, गंधकाची संयुगं, काजळी. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड गंजतं. तेल त्यांना विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. म्हणून गरम पाणी ओतायचं, गजाला चिंधी बांधून नळी पुसायची, पूर्ण कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यायचा.

पुढे एनफील्ड रायफल आली. तिच्या नळीत आटे होते, त्यामुळे मळी साचली की गोळी खाली ठासणं अवघड व्हायचं. उपाय म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावली. ती मळी मऊ ठेवायची. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबर होता. पण काडतूस दातांनी तोडायचं होतं आणि चरबी गाय-डुकराची असल्याची बातमी पसरली. असंतोषाची कारणं बरीच होती. त्यात ही ठिणगी पडली. १० मे १८५७ ला मेरठ पेटलं.

औट्राम तेव्हा इराणच्या मोहिमेवर होता. परतल्यावर त्याला लखनौकडे पाठवलं. हुद्दा मोठा असूनही वाटेत त्याने सेनापतिपद हॅवलॉककडेच राहू दिलं आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. सप्टेंबरमध्ये लखनौच्या वेढ्यात शिरल्यावर त्याने सूत्रं हाती घेतली, आणि नंतर मार्च १८५८ पर्यंत आलमबाग धरून ठेवली. १८६३ मध्ये फ्रान्समधल्या पो इथे तो वारला.

आज बिनधुराची दारू वापरतात. तिची काजळी आणि गोळीच्या तांब्याचा थर नुसत्या पाण्याने जात नाही, त्यासाठी वेगळं द्रावक लागतं. परवान्याची बंदूक असेल तर आधी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. खिडक्या उघडा, हातमोजे घाला. शक्य असेल तर गज मागच्या बाजूने घाला. अमोनियाचं द्रावक बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, दोन द्रावकं एकत्र करू नका, आणि शेवटी कोरडी चिंधी विसरू नका.

थोडक्यात, आधी मळी ओळखा, मग द्रावक निवडा. आणि ते कोणाच्या हातात, कोणाच्या तोंडात जाणार आहे, तेही विचारा. एनफील्डवाल्यांनी नेमकं तेच विचारलं नव्हतं.