सोने सापडलेला सुतार

आमच्या घरी पूर्वी तांदूळ रोळले जात. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण पाकिटातल्या तांदळात खडे नसतात. आई पितळी परातीत तांदूळ घ्यायची, वर पाणी ओतायची आणि परात दोन्ही हातांनी हलकेच झुलवत तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात सोडायची. जड खडे तळाशी राहत. ते ती अंगणात भिरकावून देई. हीच क्रिया मी साठी ओलांडल्यावर पुन्हा पाहिली ती कॅलिफोर्नियात, एका नदीच्या काठी. फरक एवढाच, की तिथे जे तळाशी राहते त्यासाठीच सारा खटाटोप चालतो आणि वरचे सगळे पाण्यात सोडून दिले जाते.

माझी मुलगी सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम गावी राहते. नोकरीच्या निमित्ताने गेलेली आपली बरीच मंडळी त्या गावात आहेत. एका रविवारी जावयांनी आम्हाला मोटारीत घातले आणि डोंगराच्या दिशेने तासाभरात कोलोमा नावाच्या वस्तीत आणून सोडले. अमेरिकन नदीचा दक्षिणेकडचा फाटा तिथून वाहतो. काठावर पाच-पंचवीस माणसे गुडघाभर पाण्यात वाकलेली. कुणी निवृत्त गृहस्थ, कुणी शाळकरी पोरे, एक आजीबाई तर घडीची खुर्ची घेऊन आलेल्या. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पसरट परात. ही सारी माणसे सोने शोधत होती आणि सुट्टी घालवत होती.

नातवाने मलाही पाण्यात ओढले. या छंदाचे शास्त्र सोपे आहे. सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड, साधी वाळू जेमतेम अडीचपट. नदी वळणावर किंवा मोठ्या धोंड्यामागे जिथे दमते, तिथे ती जड ओझे खाली टाकते. तिथली रेती परातीत घ्यायची, पाण्याखाली धरून हलवायची, म्हणजे सोने तळाशी जाते. मग परात कलती करून वरचा थर थोडा थोडा वाहू द्यायचा. शेवटी लोखंडाचा अंश असलेली काळी वाळू उरते आणि नशीब असेल तर तिच्या कडेला पिवळा ठिपका दिसतो. दर हिवाळ्यात पावसाचे आणि बर्फाचे पाणी डोंगरातून नवा गाळ आणते, त्यामुळे धुतलेल्या जागीही पुन्हा काही सापडू शकते. त्या ऐतिहासिक उद्यानात फावडे वापरू देत नाहीत, फक्त हात आणि परात. राज्याच्या नद्यांमध्ये यंत्राने गाळ शोषून काढण्यावरही २००९ साली बंदी आली. तेव्हा हा छंद कुणाला श्रीमंत करील अशी भीती नाही.

दोन तासांत मला तीन ठिपके मिळाले, नातवाला सात. आम्ही ते पाण्याच्या छोट्या कुपीत भरले. तेवढ्यात माझे लक्ष टेकडीवरच्या पुतळ्याकडे गेले. एक माणूस हात खाली करून नदीकडे बोट दाखवीत उभा होता. तो जेम्स मार्शल. त्याचे नाव मी ऐकले होते, पण त्याची सगळी हकीकत त्या दिवशी समजली आणि मग पिच्छा सोडीना. परतल्यावर मुलीच्या गावातल्या वाचनालयात बसून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

मार्शलचा जन्म १८१० सालचा, न्यू जर्सी राज्यातला. वडील गाड्या आणि लाकूडकाम करणारे, तोच हुन्नर मुलाच्या हाती आला. चोविसाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि पश्चिमेची वाट धरली. मिसुरीत शेती केली, तिथे हिवतापाने गाठले. हवापालट करा, असा डॉक्टरांचा सल्ला पडला म्हणून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर तो निघाला आणि ऑरेगॉनमार्गे १८४५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात पोहोचला. तेव्हा तो मुलूख मेक्सिकोच्या ताब्यात होता. जॉन सटर नावाच्या उद्योगी माणसाने तिथे किल्ला बांधून आपले छोटे संस्थानच थाटले होते. सटरकडे मार्शल सुतारकामाला लागला, थोडी जमीन आणि गुरे घेतली. मग अमेरिका आणि मेक्सिकोचे युद्ध पेटले. तो स्वयंसेवक म्हणून लढायला गेला. परत आला तेव्हा गुरे नाहीशी झाली होती.

सटरला लाकूड हवे होते. मार्शलने जागा हुडकली. किल्ल्यापासून डोंगरात सुमारे ६५ किलोमीटरवर कोलोमा, भोवती पाइनची झाडे आणि वाहते पाणी. करार असा ठरला की मार्शलने पाण्यावर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी उभारायची, चालवायची आणि लाकडात वाटा घ्यायचा. कामाला तिथले निसेनान आदिवासी होते, युद्धातून सुटलेले काही मॉर्मन पंथीय जवान होते. १८४७ च्या ऑगस्टात सुरुवात झाली.

गिरणी उभी राहिली, पण चाकाखालून पाणी वाहून नेणारा चर उथळ पडला. म्हणून दिवसा खोदायचे आणि रात्री पाणी सोडून गाळ धुऊन काढायचा, असा क्रम ठेवला. निसर्गाच्या हाती परात देण्यासारखेच होते ते. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी मार्शल चराची पाहणी करायला गेला आणि तळाशी त्याला काहीतरी चमकताना दिसले.

अभ्रकही चमकते आणि माक्षिक नावाचे खनिज तर सोन्यासारखे दिसून भल्याभल्यांना फसवते. मार्शलने तो कण दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने ठोकला. माक्षिक असते तर चुरा झाला असता. हा चपटा झाला, पण फुटला नाही. स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरबाईंनी एक तुकडा साबणाच्या क्षाराच्या कढईत टाकून उकळला आणि तो जसाच्या तसा बाहेर निघाला, असे सांगतात. चार दिवसांनी मार्शलने किल्ल्यावर जाऊन दार लावून घेऊन सटरला नमुना दाखवला. दोघांनी ज्ञानकोश उघडला, तेजाब टाकून पाहिले, पाण्यात चांदीच्या तुलनेत तोलून पाहिले. सोनेच होते.

मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत. सराफ कसोटीच्या दगडावर दागिना घासतो, तेजाबाचा थेंब टाकतो आणि अधिकारी व कर्जदार दोघेही श्वास रोखून ती रेघ बघत राहतात. त्या बंद खोलीतली शांतता मला ओळखीची वाटली. आनंदापेक्षा त्या दोघांना धास्तीच अधिक वाटली असावी, कारण गिरणी पुरी होईपर्यंत बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती जागेच्या कागदाची. कोलोमाच्या आदिवासींकडून त्यांनी जमीन भाडेपट्ट्याने लिहून घेतली आणि मंजुरीसाठी अमेरिकी लष्करी गव्हर्नरकडे पाठवली. आदिवासींना जमीन भाड्याने देण्याचा हक्कच सरकार मानत नव्हते, म्हणून मंजुरी मिळाली नाही. बँकेत आम्ही सर्वांत आधी मालकीचा कागद पाहतो. मार्शलकडे गिरणी होती, हुन्नर होता, पहिला शोध होता, फक्त कागद नव्हता. गंमत पाहा, २ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिकोने तहात हा मुलूख अमेरिकेला दिला. सोने सापडून नऊ दिवस झाले होते आणि सही करणाऱ्यांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

बातमी फुटायची ती फुटलीच. सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने मे महिन्यात सोन्याची कुपी हाती घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर आरोळी ठोकली. त्याआधी त्याने दुकानात फावडी आणि पराती भरून ठेवल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. तो लक्षाधीश झाला. डिसेंबरात अध्यक्ष पोक यांनी संसदेपुढे दुजोरा दिला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे ३ लाख माणसे कॅलिफोर्नियात लोटली. या लोंढ्याची सर्वांत मोठी किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनी मोजली. १८४८ साली ते सुमारे दीड लाख होते, १८७० च्या सुमारास ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली, सगळे त्यात आले. गिरणी बांधणारे हातही त्यांचेच होते.

मार्शलची गिरणी बसली, कारण लाकूड कापायला माणूसच उरला नाही. लोकांनी त्याच्या जागेवरच खोदायला सुरुवात केली आणि त्यालाच हुसकावले. पहिले सोने याला दिसले, म्हणजे पुढचेही यालाच ठाऊक असणार, अशा समजुतीने माणसे त्याच्या मागे लागत. तो नुसता एक सुतार होता. इतरांसारखाच तोही खाणींमागे भटकला आणि इतरांसारखाच रिकामा राहिला. १८५७ साली कोलोमाला परतून त्याने द्राक्षमळा लावला. काही वर्षे बरी गेली, मग कर आणि स्पर्धा यांनी तोही बुडाला. पुन्हा खाणीत भागीदारी, पुन्हा दिवाळे. हलाखीत तो आपल्या सहीची कार्डे विकत असे. १८७२ साली राज्याने त्याला महिना २०० डॉलर पेन्शन दिली, पुढे ती निम्मी केली आणि १८७८ साली बंदच केली. काही पैसे कर्जात गेले, काही दारूत. उरलेल्यातून त्याने शेजारच्या केल्सी गावी लोहारकामाचे दुकान टाकले. लग्न केले नव्हते. १० ऑगस्ट १८८५ रोजी तिथल्याच एका लहानशा खोपटात तो एकटाच वारला. त्याच्याआधी पाच वर्षे सटरही सरकारकडे भरपाई मागत मागत वॉशिंग्टनला गेला होता.

मार्शलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी त्याच राज्याने त्याच्या स्मारकासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. १८९० साली पुतळा उभा राहिला.

हे वाचताना मला एक सुतार आठवत राहिला. गावाचे नाव सांगत नाही. त्याने बायकोच्या पाटल्या ठेवून आमच्या शाखेतून कर्ज घेतले होते, नवी आरी आणि रंधे घेण्यासाठी. काम मिळेना, हप्ते थकले. नियमाप्रमाणे नोटिसा गेल्या, त्यांवर सही माझी होती. लिलावात रक्कम कर्जापेक्षा जास्त आली, उरलेले पैसे त्याच्या खात्यात जमा केले. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती. पुढे वर्षभराने माझ्या घरी कपाट करायला तोच आला. चार दिवस काम केले, पाटल्यांचा विषय एकदाही काढला नाही. त्या पाटल्या त्याच्या सासूने मुलीला दिलेल्या होत्या, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले. आणखी तीन महिन्यांची मुदत मागणारे पत्र मी वरच्या कार्यालयाला लिहू शकलो असतो. लिहिले नाही. तेव्हा मला बढतीची ओढ होती. कपाट अजून आहे, त्याची दारे आजही बिनकुरकुर लागतात.

मार्शलचे दुर्दैव लोक असे सांगतात, की सोने सापडूनही तो गरीब राहिला. मला त्याची हानी वेगळी वाटते. त्याला जमत होते ते काम त्या सकाळी त्याच्या हातून गेले. गिरणी चालली असती तर घरांना तुळया, खिडक्यांना चौकटी देत तो सुखाने म्हातारा झाला असता. सोन्याने त्याला नाव दिले आणि हुन्नर नेला.

त्याला सापडलेला पहिला मानला जाणारा कण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सटरकडून तो नमुना घेणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव फॉल्सम. माझी मुलगी राहते ते गाव त्याच्याच नावाचे.

आमची कुपी मी इकडे घेऊन आलो. आमच्या सराफांनी ती हसत हसत काट्यावर रिकामी करायची तयारी दाखवली. दहा ठिपक्यांनी काटा हलेल की नाही याची त्यांना शंका होती, आणि मला तो हलवायचा नव्हता. कुपी आता त्या कपाटात आहे. नातू फोनवर विचारतो, पुन्हा कधी येणार. त्याला सोन्याचा भाव ठाऊक नाही. त्याला आठवते ती थंडगार नदी, ओले झालेले बूट आणि आजोबांच्या हातून सांडलेली परात.