खानबहादूर काझी अझीझुल हक

मोखाड्याच्या रेशन दुकानात आज धान्य घेताना यंत्रावर बोट टेकवावे लागते. सही न येणाऱ्याचा शाईचा अंगठा तर कागदोपत्री आजोबा-पणजोबांपासून चालत आला आहे. पण हजारो ठशांतून नेमका एकाचा ठसा हुडकायचा कसा? हे कोडे सोडविण्यात एका पोरक्या मुलाचा मोठा वाटा होता.

काझी अझीझुल हक यांचा जन्म १८७२ साली बंगालमधील खुलना भागात झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी घर सोडून ते कलकत्त्यास गेले. तेथे एका कुटुंबाने आसरा दिला, शिक्षणाची सोय केली. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणितात नाव काढले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांना असाच विद्यार्थी हवा होता.

हक यांची युक्ती विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. बोटावर चक्र असेल तर जोडीच्या क्रमाने १६, ८, ४, २ किंवा १ गुण. नसेल तर शून्य. जोडीतील एका बोटाचे गुण एका बेरजेत, दुसऱ्याचे दुसऱ्या बेरजेत. दोन्हींत एकेक मिळवायचा. ३२ गुणिले ३२, असे १,०२४ कप्पे झाले. सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या कामात मोलाची भर घातली. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली.

त्याच १८९७ साली जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या पंचांगावर रक्ताचा पुसट डाग होता. तो एका जुन्या नोकराच्या अंगठ्याचा निघाला. चोरीच्या जुन्या शिक्षेमुळे त्याचा ठसा दप्तरी होता. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाचा आरोप सिद्ध मानला नाही. ठसा स्पर्श सांगतो, कृत्य नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला.

डोळ्यांना न दिसणारे ठसे घाम व तेलकटपणाचे असतात. काचेवर बारीक भुकटी मऊ ब्रशने फिरवून ते चिकटपट्टीवर उचलतात. कागदावर १९५४ पासून निनहायड्रिन वापरतात, त्याने ते जांभळे उमटतात.

पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे मिळाले. हक यांना १९२४ मध्ये खानबहादूर किताब आणि पुढे ५,००० रुपये मानधन मिळाले. १९३५ साली बिहारमधील मोतिहारी येथे ते वारले.

पालकहो, त्या पोरक्या मुलाला कोणीतरी शाळेची वाट दाखविली. आपल्या वस्तीतील असे मूल ओळखणे आपल्याच हाती आहे.