संगीतकार कै. वसंत देसाई

आजऱ्याहून आंबोलीची वाट धरून घाट उतरले म्हणजे सावंतवाडीचा मुलूख लागतो. ह्याच मुलुखातील सोनवडे गावी ९ जून १९१२ रोजी वसंत देसाई ह्यांचा जन्म झाला व कुडाळच्या परिसरात त्यांचे बालपण गेले. देवळाच्या प्रस्तुत महोत्सवाच्या स्मरणिकेत चित्रपटांच्या संगीतकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न एखादे वडीलधारे वाचक करतील. त्यांनी थोडा धीर धरावा. उत्तर ओघानेच येईल.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि कोकणातला हा तरुण घाट चढून तेथे दाखल झाला. तो आला नट होण्याच्या हौसेने. १९३० च्या ‘खुनी खंजर’ ह्या मूकपटात त्याने कामही केले. पण मूकपटांचे दिवस सरत आले होते. बोलपट येताच कंपनीत गोविंदराव टेंबे, मागाहून केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव असे थोर संगीतज्ञ एकामागून एक आले, आणि त्यांच्या हाताखाली पडेल ते काम करीत वसंतरावांची विद्या वाढली. गुरुकुलात राहावे तशी ही कित्येक वर्षे त्यांनी काढली. आजच्या उतावळ्या उमेदवारांनी हे ध्यानी घ्यावे.

१९४२ साली व्ही. शांताराम ह्यांनी मुंबईस राजकमल कलामंदिर काढले. त्याच्या ‘शकुंतला’ (१९४३) ह्या पहिल्याच चित्रपटाचे संगीत वसंतरावांकडे आले. परंतु त्यांची खरी कसोटी १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ ह्या चित्रपटात लागली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये जखमींच्या शुश्रूषेसाठी गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले, ही त्यातील सत्यकथा. युद्धपटास संगीत देणे हे गीतास चाल लावण्याहून निराळे काम आहे. आपले संगीत एका सुरावटीच्या धाग्याने चालते. रणाचा कल्लोळ, शत्रूची चाहूल, परक्या भूमीवरील एकाकीपण हे सारे शब्दांवाचून वाद्यांनी सांगावयाचे, तर अनेक वाद्यांचे स्वर एकमेकांत गुंफावे लागतात. शिवाय त्या काळी चुंबकीय फीत आपल्याकडे रूढ झालेली नव्हती. ध्वनी थेट फिल्मवर उमटवीत. एका वादकाचा हात चुकला की सर्वांनी तो तुकडा पुन्हा आरंभापासून वाजवावयाचा.

हे वादक कोण होते? मुंबईच्या चित्रशाळांतील व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजविणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती बंधूंचा भरणा फार मोठा होता. गोव्यातील देवळांना जोडलेल्या पॅरिश शाळांत बालपणीच सॉल्फेज घोकून ते स्वरलिपी शिकलेले असत. मिस्सेच्या गायनासाठी शिकलेली ती विद्या पुढे मुंबईच्या चित्रपटांस उपयोगी पडली. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. ज्यांच्या घरी आजोबांचे व्हायोलिन अजून खुंटीस लटकत असेल, त्यांस ह्याची खंत अधिक कळेल.

दुसरा मोठा युद्धपट सोहराब मोदी ह्यांचा ‘झांसी की रानी’ (१९५३). हा हिंदुस्थानचा पहिला टेक्निकलर चित्रपट. छायालेखनास अर्नेस्ट हॉलर हे अमेरिकेहून आले होते. १८५७ चा संग्राम, घोडदळ, तोफा असा सारा थाट! अशा प्रसंगी संगीतकाराची अडचण विचित्र असते. तोफेपुढे सतार ऐकू येत नाही. कोठे वाजवावे ह्याहून कोठे थांबावे हेच ओळखावे लागते. चित्रपटावर अपार द्रव्य खर्च झाले, पण तो चालला नाही आणि निर्मात्यास जबर ठोकर बसली. पडलेल्या चित्रपटाबरोबर त्याचे संगीतही विस्मरणात जाते, हा अन्यायच म्हणावयाचा.

त्याच वर्षीच्या ‘श्यामची आई’चे संगीत त्यांचेच. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईने गाजलेला ‘गूँज उठी शहनाई’, असा यशाचा क्रम सर्वश्रुत आहे. ‘दो आँखें’मधील आणि १९७१ च्या ‘गुड्डी’मधील त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून गाइल्या जाऊ लागल्या, आपली मुलेही त्या म्हणतात, त्या कोणाच्या हे ठाऊक नसता. शाळकरी मुलांकडून समूहगान बसवून घेण्याचा त्यांस मोठा नाद होता.

रणसंगीत रचणाऱ्या ह्या पुरुषाकडे १९६६ साली एक निराळेच काम आले. श्रीमती एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघापुढे गाणार होत्या. त्यांच्यासाठी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेल्या, युद्धाचा त्याग करा असे साऱ्या जगास विनविणाऱ्या संस्कृत स्तोत्रास वसंतरावांनी चाल दिली. ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे ते गाइले गेले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभर ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील आपल्या घरी परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला व त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्ट वर्षांचे होते.