मॅजिक बुलेट: औषधाला पत्ता देणारे पॉल एर्लिश

नॅनोपार्टिकलमधून थेट ट्यूमरपर्यंत औषध पोहोचवायच्या बातम्या तुमच्याही फीडमध्ये येत असतील. वाटतं, एकदम नवी आयडिया! पण या कल्पनेचा पाया घालणारा माणूस १९१५ मध्येच गेला.

पॉल एर्लिश यांचा जन्म १८५४ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या स्ट्रेलेन गावातला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. डॉक्टरकी शिकताना त्यांना नाद लागला रंगांचा. कापडाचे नवे रासायनिक रंग ते पेशींवर टाकून बघायचे. एखादा रंग ठरावीक पेशींनाच चिकटतो, शेजारच्यांना सोडून देतो, हे त्यांनी हेरलं. मिथिलीन ब्लू मलेरियाच्या जंतूंना चिकटायचा, म्हणून १८९१ मध्ये त्यांनी दोन पेशंटना चक्क तो रंगच औषध म्हणून दिला. रंगाला पत्ता सापडतो, तर विषाला का सापडू नये? मला त्यांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात दिसतं. पेशीवरच्या ज्या जागी औषध अडकतं तिला रिसेप्टर म्हणायची पद्धतही त्यांच्यापासूनची.

१९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, तरी फ्रँकफर्टच्या लॅबमध्ये आर्सेनिकची संयुगं एकेक करून तपासणं चालूच होतं. आम्ही कोडमध्ये बदल करून पुन्हा पुन्हा टेस्ट चालवतो ना, तसंच. फक्त इथे टेस्ट म्हणजे सिफिलिस झालेले ससे. आधी निकामी ठरवलेलं ६०६ नंबरचं संयुग १९०९ मध्ये साहाचिरो हाता यांनी परत तपासलं आणि ते चाललं. १९१० मध्ये ते साल्वर्सान नावाने बाजारात आलं. पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. काही पेशंट दगावले, एर्लिश यांच्यावर आरोप झाले.

उंदरांच्या गाठींवरही त्यांनी काही वर्षं घालवली. तिथे मात्र गोळी सापडली नाही. जंतू परका असतो, कॅन्सरची पेशी आपलीच. वेगळा पत्ता आणायचा कुठून?

जीन गप्प करणाऱ्या एसआयआरएनएचं घोडं इथेच अडतं. नुसतं टोचलं तर रक्तातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात, किडनी बाहेर टाकते. म्हणून कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या टीमने ते साधारण ७० नॅनोमीटरच्या कणात भरलं आणि वर ट्रान्सफेरिन लावलं. लोहासाठी हपापलेल्या कॅन्सर पेशींवर त्याचे रिसेप्टर जास्त असतात. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की मेलानोमाच्या पेशंटच्या गाठीत कण पोहोचले आणि ठरवलेला जीन दबला. ते औषध बाजारापर्यंत आलं नाही. या जातीचं पहिलं औषध, पाटिसिरान, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, पण ते कॅन्सरवरचं नाही. त्याचा पत्ता यकृत, आणि असे कण तिथे तसेही जाऊन साचतात.