बटाट्यातले पॉवर हाऊस : डॉ. कमला सोहोनी

आपल्या पेशींमध्येही पॉवर हाऊस असते, त्याचे नाव मायटोकाँड्रिया. तिथला एक महत्त्वाचा पार्ट झाडाझुडपांतही असतो, हे दाखवणारी बाई आपली मराठी होती.

कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून चक्क नकार दिला. पण त्या हटल्याच नाहीत. शेवटी एक वर्षाच्या प्रोबेशनवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रोटीन सापडले आणि १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या.

हेच प्रोटीन आपल्या मेंदूतही इलेक्ट्रॉन पुढे पोचवते, म्हणून ऊर्जा तयार होते. वजनाने जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराची २० टक्के ऊर्जा खातो! अल्झायमरमध्ये चेतापेशींतले मायटोकाँड्रिया कमजोर पडतात. त्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर गळले, की पेशी स्वतःलाच संपवू लागते.

१९९८ मध्ये कमलाबाई गेल्या. एक केटी लागली की आपण तोंड पाडून बसतो. त्यांना तर गेटवरूनच परत पाठवत होते!